मदरबोर्ड बदलायचा आहे, पण प्रोसेसरवरचा कूलर जागचा हलत नाही. ओढू का?

दगडफूल · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी चिपळूणला असतो, हिशेबाची आणि विवरणपत्रं भरायची कामं करतो. २०१९ साली असेंबल करून घेतलेला पीसी गेल्या आठवड्यात गेला. रात्रभर पाऊस होता, लाईट तीन-चार वेळा गेले-आले, आणि सकाळी बटण दाबलं तर पंखासुद्धा फिरेना. ओळखीच्या मुलाने दुसरा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) लावून पाहिला, रॅम बदलून पाहिली. बोर्डच गेलाय असं तो म्हणतो. बोर्डाच्या एका कोपऱ्यात जळल्याचा डाग आहे, त्यामुळे मलाही तसंच वाटतं.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ २६००, त्यावर खोक्यातच आलेला रेथ स्टेल्थ कूलर. नवा बी५५० बोर्ड मुंबईहून मागवलाय, गुरुवारी येईल. म्हटलं तोवर जुन्यावरचा प्रोसेसर काढून ठेवू. पंख्याची वायर काढली, चारही स्क्रू सोडवले. ते छान सुटले. पण कूलर ढिम्म. एका बाजूने उचलायला गेलो तर अख्खा बोर्ड वाकायला लागला, तिथेच हात मागे घेतला.

सगळीकडे एकच सल्ला वाचला: आधी पंधरा मिनिटं मशीन चालवा, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट मऊ होईल, मग काढा. माझं मशीन चालूच होत नाही, मग गरम कसं करू? प्रोसेसर चांगला असावा अशी आशा आहे आणि तो माझ्या हातून तुटू नये एवढंच वाटतं. जरा जोर लावून ओढला तर चालेल का?

लोहगड · रात्री ९.५२

ओढू नका! बाकीचं जाणकार सांगतीलच, पण तोवर हात लावू नका.

कातळशिल्प · रात्री १०.१५

थांबलात हे फार बरं केलंत. मी पुण्यात बारा वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं. या एका कारणाने वाकलेल्या पिनांचे प्रोसेसर किती आले ते मोजलेले नाहीत, पण दर महिन्याला एखादा असायचाच.

आत काय आहे ते सांगतो, म्हणजे का ओढायचं नाही ते कळेल. तुमचा प्रोसेसर एएम४ सॉकेटचा, म्हणजे बोर्डावरच्या त्या जातीच्या खाचेत बसणारा. त्याच्या पोटाला १३३१ पिना आहेत, आणि सॉकेटमध्ये तेवढी भोकं. बाजूची दांडी खाली केली की सॉकेट त्या पिना आतून चिमटीत पकडतं. पण प्रोसेसरच्या डोक्यावरून काहीही येत नाही, ना पट्टी ना चौकट. म्हणजे प्रोसेसर खाली धरलेला आहे तो फक्त त्या चिमटीने. आणि वर कूलरला धरलेला आहे सहा वर्षं वाळलेल्या पेस्टने. दोन्ही हातांनी वर खेचलंत तर या दोघांत ज्याची पकड कमजोर तो सुटेल, आणि जुन्या पेस्टसमोर बहुतेक वेळा सॉकेटच हरतं. दांडी बंद असतानाच प्रोसेसर उपटून कूलरसकट वर येतो. तो सरळ वर आला तर नशीब. जरा तिरका आला की कडेच्या ओळी आडव्या.

म्हणून नियम एकच: आधी पिळायचं, मग उचलायचं. कूलर दोन्ही हातांनी धरून, खाली किंचित दाब ठेवून, अगदी थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. पेस्ट ओढीला दाद देत नाही, पण सरकवलं की तिचा थर फाटतो. तो सुटला की हाताला कळतं, कूलर अचानक तेलकट घसरल्यासारखा फिरतो. त्याआधी उचलायचं नाही.

रानजाई · रात्री १०.३१

कातळशिल्प यांचं वाचून स्वयंपाकघर आठवलं. एकात एक अडकलेले स्टीलचे पेले ओढून कधी निघालेत का? बाहेरच्याला गरम पाणी दाखवायचं आणि फिरवायचं, तेव्हा निघतात. इथेही तेच दिसतंय.

आणि गरम करायला हेअर ड्रायर आहे की! मी माझ्या भावाच्या मशीनला तसंच केलं होतं. त्याचाही बोर्ड गेलेला होता, म्हणजे तुमच्यासारखीच अडचण.

खारवी · रात्री १०.४४

गरम करण्यापेक्षा थंड करून बघा. बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. पेस्ट कडक होऊन कडकन सुटते. आमच्या ऑफिसमधल्या एकाने केलं होतं.

रानजाई · रात्री १०.५०

खारवी, धागाकर्ते चिपळूणला आहेत आणि हा पावसाळा आहे. फ्रीझरमधून बोर्ड बाहेर काढला की मिनिटभरात त्यावर पाणी जमेल, थंड पाण्याच्या तांब्यावर जमतं तसंच. बोर्ड मेलेलाच आहे, त्याचं सोडा. पण प्रोसेसरच्या पिनांमध्ये ओल गेली तर?

कातळशिल्प · रात्री १०.५८

रानजाईंशी पूर्ण सहमत. गारव्याने ठिसूळ होऊन सुटणारे काही गोंद असतात हे खरं. पण कडक झालेली पेस्ट झटक्याने सुटली तर तो झटका पिनांना बसतो, आणि आपल्याला नेमका झटकाच नको आहे. पेस्ट हळूहळू सोडायला हवी.

खारवी · रात्री ११.०५

मान्य. कोकणातल्या हवेचा विचार केला नव्हता, आणि मी स्वतः मालवणचा!

संत्रानगरी · मंगळवार, सकाळी ७.१०

नागपूरला एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो, बहुतेक मशीन्स इंटेलची. आमच्याकडे ही अडचण येत नाही, कारण २००४ च्या एलजीए ७७५ सॉकेटपासून इंटेलने डेस्कटॉपच्या पिना प्रोसेसरवरून काढून सॉकेटमध्ये टाकल्या, आणि प्रोसेसरवर लोखंडी चौकट बसते. कूलर कितीही चिकटला तरी प्रोसेसर वर येत नाही. एएमडीनेही २०२२ मध्ये एएम५ सॉकेटपासून हीच पद्धत घेतली.

पण इंटेलवाल्यांनी निर्धास्त राहू नये. आमचं दुखणं दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे खोक्यातल्या कूलरचे चार प्लास्टिकचे खुंटे. काढताना ते बाणाच्या दिशेने पाव वेढा फिरवून वर ओढायचे असतात. मुलं नुसते ओढतात आणि खुंट्याची खालची दोन पाकळ्यांची जीभ तुटते. पुन्हा बसवण्याआधी खुंटा उलटा फिरवून मूळ जागी आणायचा हेही विसरतात, मग कूलर एका कोपऱ्यात उचललेला राहतो आणि मशीन तापून बंद पडतं.

दुसरं सॉकेट. त्यातल्या पिना केसाएवढ्या बारीक आणि वाकड्या स्प्रिंगसारख्या. स्क्रूड्रायव्हर निसटून त्यावर पडला तर बोर्डच गेला समजा. नव्या बोर्डाच्या सॉकेटवर काळं प्लास्टिकचं झाकण येतं, ते फेकू नका. नव्यात प्रोसेसर बसला की तेच झाकण जुन्या बोर्डाच्या सॉकेटवर लावा. बोर्ड वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर झाकण लागतंच, आणि पिना वाकलेल्या दिसल्या तर दावा फेटाळला जातो.

जुनी_पेठ · सकाळी ८.२५

संत्रानगरी, ७७५ च्या आधी इंटेलवालेही याच रांगेत होते हो! सॉकेट ४७८ चा पेंटियम ४ आठवतो का? पिना प्रोसेसरवर, वर काळ्या प्लास्टिकची चौकट आणि कूलरच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या दांड्या. दांड्या सोडल्या की कूलर काढायचा.

२००४-०५ च्या सुमारास कोल्हापुरात माझा सायबर कॅफे होता, चौदा मशीन्स. एक दिवस धूळ साफ करायला कूलर उचलला तर हातात कूलर, आणि त्याच्या पोटाला चिकटलेला प्रोसेसर. दांडी बंद. मला वाटलं सॉकेटच तुटून आलं. तासभर खुर्चीत बसून राहिलो. मग शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी तो कूलर हातात घेतला, विजेच्या बल्बजवळ पाच मिनिटं धरला आणि प्रोसेसरच्या कडा दोन बोटांत धरून फिरवून वेगळा केला. त्यांनी कॉम्प्युटर त्याआधी उघडलेलाही नव्हता. पिना सगळ्या सरळ निघाल्या. तेव्हापासून दर वेळी आधी मशीन तापवून मगच कूलर काढत आलो.

त्याच काळातला एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी आणखी नाजूक होता. सॉकेट ए, ४६२ पिनांचा. वर धातूचं झाकणच नव्हतं, सिलिकॉनचा उघडा तुकडा. कूलरची पट्टी सॉकेटच्या प्लास्टिकच्या आकड्यात अडकवलेली असायची आणि ती सपाट स्क्रूड्रायव्हरने दाबून सोडवावी लागे. हात घसरला की स्क्रूड्रायव्हर सरळ बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा कापत जायचा. आणि कूलर तिरका टेकला तर सिलिकॉनचा कोपरा उडायचा. तो एकदा उडाला की कशाचाच उपयोग नाही.

अबोली · सकाळी ९.०२

जुनी_पेठ, रेडिओवाल्या काकांना नमस्कार. हात ओळखतो वस्तू. सुंदर आठवण.

वेदगंगा · सकाळी ९.४०

एवढी काळजी घेऊनही प्रोसेसर कूलरसकट आलाच, तर काय करायचं तेही लिहून ठेवते, कारण माझा आला होता. घाबरायचं नाही.

कूलर उलटा करून टेबलावर ठेवा, पिना आकाशाकडे. पिनांना बोट लावू नका. पुन्हा गरम करा आणि प्रोसेसरच्या हिरव्या पट्टीच्या कडा धरून फिरवा. एखादा कोपरा जरा सुटला की दात साफ करायचा मेणाचा दोरा त्या फटीत घालून करवतीसारखा मागेपुढे ओढा. स्क्रूड्रायव्हर किंवा सुरीचं टोक फटीत घालून उचकटायचं नाही. धातूच्या झाकणाच्या खाली बारीक भाग असतात आणि हिरव्या पट्टीतूनही तारा गेलेल्या असतात.

मी ओढला होता, सात पिना वाकल्या. ०.५ मिमीची लीडची पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं, आणि ती पोकळ धातूची नळी पिनेवर चढवून एकेक पिन सरळ केली. एका झटक्यात नाही. थोडी वाकवायची, बाजूने बघायचं, पुन्हा थोडी. मग जुनं एटीएम कार्ड ओळींच्या मधून अलगद फिरवलं, म्हणजे कोणती पिन ओळीबाहेर आहे ते हाताला लागतं. मोबाईलचा कॅमेरा झूम करून आडव्या उजेडात बघा, वाकडी पिन लगेच वेगळी चमकते. दोन तास गेले, मान धरली, पण तो प्रोसेसर आजही चालू आहे. घाईने पुढे-मागे केलं तर पिन मुळापासून तुटते.

कातळशिल्प · सकाळी १०.१२

वेदगंगा, अगदी योग्य पद्धत. एक भर घालतो: तुटलीच तरी लगेच फेकू नका. बऱ्याच पिना ग्राउंडच्या (अर्थिंगच्या) आणि विजेच्या जोडणीच्या असतात आणि त्या एकमेकींना पर्याय असतात. एखादी गेली तरी प्रोसेसर चालल्याची उदाहरणं माझ्याकडे आलेली आहेत. मेमरीची तुटली तर मात्र रॅमचा एखादा स्लॉट दिसेनासा होतो. लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दगडफूल · सकाळी १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रायर बायकोचा आहे, परवानगी मिळाली. तीन शंका:

ड्रायर किती वेळ, किती लांबून? बोर्ड कॅबिनेटमध्येच ठेवू की बाहेर काढू? आणि सॉकेटची दांडी कूलरच्या खाली अर्धवट दिसते, ती आधी उघडली तर पिना मोकळ्या होतील ना? मग ओढला तरी वाकणार नाहीत असं वाटलं.

लोहगड · सकाळी १०.४१

दांडीची कल्पना मला पटते. चिमटीच नसेल तर पिनांना ताण कसला?

कातळशिल्प · सकाळी ११.२०

लोहगड, कागदावर पटण्यासारखं आहे. पण दांडी उघडली की प्रोसेसर भोकांत सैल बसतो, आणि तुम्हाला तर अजून पिळायचं आहे. पिळताना प्रोसेसर घट्ट हवा, म्हणजे सगळा जोर पेस्टवर जातो. सैल असेल तर कूलरबरोबर तोही फिरू बघतो, किंवा एका बाजूने वर येतो. शिवाय स्टेल्थच्या खाली दांडी पूर्ण उभी राहतच नाही, अर्धवट उघडून अडकते. म्हणून दांडी बंदच ठेवा. कूलर निघाला की मग उघडा आणि प्रोसेसर कडेला धरून सरळ वर उचला.

बोर्ड बाहेर काढा. कॅबिनेटमध्ये हात तिरका पडतो, आणि हात तिरका पडला की ओढही तिरकी पडते. आधी ग्राफिक्स कार्ड काढा, मग रॅम. तुमचा कूलर त्या चार स्क्रूंनीच बोर्डामागच्या पट्टीला, म्हणजे बॅकप्लेटला, धरलेला होता. स्क्रू सुटलेत म्हणजे बॅकप्लेट आत्ता मोकळी आहे, बोर्ड उचलताना मागून पडेल. तिला जपा. बोर्ड खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवा.

रानजाई · सकाळी ११.३५

ड्रायर मी वीतभर अंतरावरून धरला होता, वरून नाही तर बाजूने, कूलरच्या बुडावर हवा जाईल असा. गोल फिरवत राहायचा, एका जागी रोखायचा नाही. पंखा फिरायला लागतो, त्याला बोटाने थांबवा. साधारण सहा-सात मिनिटांनी ॲल्युमिनियमला बोट टेकवलं तर ठेवून राहवत नाही इतकं गरम झालं, तेव्हा थांबले. मग दोन्ही हातात जाड नॅपकिन घेऊन फिरवला. जात्याचा खुंटा फिरवतो तसा पूर्ण गोल नाही हं, एवढुसा इकडे, एवढुसा तिकडे. पहिल्यांदा नाही सुटला. पुन्हा पाच मिनिटं ड्रायर. दुसऱ्यांदा सुटला.

कातळशिल्प · सकाळी ११.४८

बरोबर. या उष्णतेने प्रोसेसरला काही होत नाही, चालू असताना तो ९५ अंशांपर्यंत सोसतो. मात्र रंग उडवायची हीट गन वापरू नका. तिची हवा शेकडो अंशांची असते, सॉकेटचं प्लास्टिक वितळेल.

सुतळी · दुपारी १२.३०

सगळेजण कूलरमध्ये गुंतलेत, पण धाग्याच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट कुणी पाहिली नाही का? बी५५० बोर्डावर रायझन ५ २६०० चालत नाही!

सॉकेट एकच आहे, प्रोसेसर आत बसेल, दांडी बंद होईल, सगळं बरोबर दिसेल, आणि स्क्रीन काळी राहील. बी५५० आणि ए५२० या दोन्ही चिपसेटना (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपांना) ३००० मालिका किंवा पुढचे रायझन लागतात. २६०० साठी बी४५० घ्या, किंवा एक्स५७०. बोर्डाचं खोकं उघडू नका, आधी दुकानदाराला फोन करा.

दगडफूल · दुपारी १२.३८

काय सांगता! मला वाटलं एएम४ म्हणजे एएम४. दुकानदारानेही "एएम४ आहे ना, मग बसेल" एवढंच सांगितलं. आत्ता फोन लावतो.

जुनी_पेठ · दुपारी १२.५०

सुतळी, तुम्हाला दंडवत. मी चार प्रतिसाद वाचले, एक लिहिला आणि माझ्या डोळ्यांखालून ते गेलं.

लोहगड · दुपारी १.०५

दगडफूल, बदलतच आहात तर बी५५० ठेवा आणि प्रोसेसरच नवा घ्या. रायझन ५ ५६०० जुन्यापेक्षा बराच वेगवान आहे. कूलर ओढायची काळजीही मिटेल.

दगडफूल · दुपारी १.४०

लोहगड, सल्ला चांगला आहे पण हंगामाच्या आधी खिसा रिकामा असतो. हिशेबाच्या कामाला २६०० पुरून उरतो. दुकानदाराशी बोललो, माल अजून निघाला नव्हता. तो बी४५० पाठवतोय, पैशांतला फरक परत देतोय. सुतळी, तुमच्यामुळे माझा आठवडा वाचला.

बर्फाळ_अंगण · दुपारी ३.१५

मिनेसोटाहून लिहितेय. आमच्याकडे स्थिर विजेची भीती मोठी. थंडीत घर गरम ठेवल्याने हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडते. मी बोर्डाला हात लावण्याआधी मनगटाला पट्टा बांधते, स्वेटर काढून ठेवते आणि गालिच्यावर उभी राहत नाही. चिपळूणच्या पावसाळ्यात हा धोका खूप कमी, तरी नव्या बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायची सवय ठेवा. आणि काम सुरू करण्याआधी वायर भिंतीतून काढून चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, उरलेली वीज निघून जाते.

अबोली · दुपारी ३.५०

हार्डवेअर मला कळत नाही, पण बोर्ड बदलल्यावर माझ्या नवऱ्याच्या मशीनमध्ये जे झालं ते सांगते. विंडोजने सुरू होतानाच डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी की मागितली. डिस्क कूटबद्ध आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. बोर्ड बदलला की सुरक्षेची जुनी किल्ली जुळत नाही. नशिबाने मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती की साठवलेली होती, मोबाईलवर लॉगिन करून मिळाली. दगडफूल, तुमच्या डिस्कवर लोकांचे हिशेब आहेत. बोर्ड बसवण्याआधी खात्यात की आहे का ते बघा आणि कागदावर उतरवा. विंडोजचं लायसन्सही बोर्डाशी बांधलेलं असतं, ते त्याच खात्याला जोडलेलं असेल तर नंतर पुन्हा चालू करता येतं.

दगडफूल · दुपारी ४.२०

अबोली, बघितलं. की आहे! वहीत लिहून घेतली. हे तर मला सुचलंच नसतं.

संत्रानगरी · संध्याकाळी ६.०५

पेस्ट आणली आहे ना? डब्यातल्या कूलरवरची पेस्ट एकदाच वापरायची असते. जुनीच पुन्हा दाबून बसवली तर मध्ये हवेचे कप्पे राहतात. छोटी ट्यूब पुरते, प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढा थेंब.

पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. कपडा तंतू न सोडणारा घ्या. नखांचं पॉलिश काढायचं पाणी नको, त्यात बहुधा ॲसिटोन असतं, प्लास्टिक खातं. आणि प्रोसेसर सॉकेटमध्ये असताना त्यावर काही ओतायचं नाही, कपड्यावर घेऊन पुसायचं.

खारवी · संध्याकाळी ६.४०

जुनं धुतलेलं सुती बनियन चालेल का?

संत्रानगरी · संध्याकाळी ६.५२

चालेल, दहा-वीस धुण्यांतलं असेल तर. नव्या कापसाचे तंतू सुटतात.

वेदगंगा · रात्री ८.१०

लग्नाच्या अक्षता पडल्यावर गाठ सुटत नाही म्हणतात, तसं या पेस्टचं आहे. पण रानजाईंच्या ड्रायरने इथे एकेक गाठ सुटतेय :)

दगडफूल · शनिवार, दुपारी ४.३०

मंडळी, झालं! सविस्तर लिहितो.

बोर्ड शुक्रवारी आला. आज सकाळी जुना बोर्ड बाहेर काढला. कातळशिल्प म्हणाले तशी बॅकप्लेट खरंच मागून निसटली, पण हात तयार होता. पुठ्ठ्यावर बोर्ड, मुलीच्या हातात ड्रायर, माझ्या हातात नॅपकिन. सात मिनिटं गरम केलं. पिळलं, काही नाही. पुन्हा सात मिनिटं. दुसऱ्यांदा पिळलं तेव्हा बोर्डच फिरायला लागला, म्हणून बायकोने तो दोन्ही कडांना दाबून धरला. तरी नाही. मनात आलं की आता जरासं ओढून बघावं. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांनी सांगितलंय ना, नाही म्हणून." मग चहा घेतला.

तिसऱ्यांदा गरम केला तेव्हा बोट टेकवणं अवघड झालं होतं. डावीकडे जेमतेम, उजवीकडे जेमतेम, असं वीसेक वेळा. आणि मग तो क्षण आला. आवाज नाही, काही नाही, फक्त हाताखाली कूलर लोण्यावर फिरल्यासारखा सरकला. मी तसाच अजून पाच-सहा वेळा फिरवला आणि मग उचलला. प्रोसेसर सॉकेटमध्येच! दांडी उघडली, कडा धरून वर घेतला, मोबाईलने झूम करून सगळ्या ओळी पाहिल्या. एकही पिन वाकडी नाही.

पेस्ट दोन्हीकडे सुकलेल्या चिखलासारखी, करडी. बनियनने पुसली. नव्या बोर्डात सोन्याचा त्रिकोण जुळवून ठेवला तर प्रोसेसर आपल्या वजनाने आत गेला, दाबावंच लागलं नाही. वाटाण्याएवढी पेस्ट, स्क्रू समोरासमोरचे दोन-दोन वेढे आलटून पालटून. पंख्याची वायर पहिल्या जोडणीत विसरलो होतो, स्क्रीनवर पंख्याची सूचना आली म्हणून कळलं.

बिटलॉकरने की मागितली. वहीतून बघून टाकली. विंडोज उघडलं, सगळ्या फाईली जागेवर. काम नसताना तापमान ४० च्या आसपास, काम करताना ६८ पर्यंत. बाहेर पाऊस.

कातळशिल्प · शनिवार, संध्याकाळी ५.०५

तिसऱ्यांदाही घाई केली नाहीत, हे वाचून फार बरं वाटलं. मुलीला माझ्याकडून शाबासकी.

रानजाई · संध्याकाळी ५.२०

ड्रायर ठीक आहे ना? :)

दगडफूल · संध्याकाळी ५.३१

ठीक आहे, धुऊन पुसून परत दिला. म्हणजे पुसून!

जुनी_पेठ · संध्याकाळी ६.००

जुन्या बोर्डाचं काय करताय? भंगारात देण्याआधी बटणसेल काढून घ्या. आणि नव्या बोर्डाबरोबर आलेले कूलर धरायचे दोन काळे प्लास्टिकचे तुकडे फेकू नका. स्टेल्थसाठी ते काढावे लागले असतील, पण उद्या मोठा कूलर आणलात तर त्यातले बरेच त्यांनाच अडकतात.

दगडफूल · संध्याकाळी ६.१२

काढून ठेवलेत, त्यांच्या चारही स्क्रूंसकट. बडीशेपेच्या रिकाम्या डबीत घातलेत आणि वर चिठ्ठी लावलीय. जुना बोर्ड मुलीने मागितलाय, तिला तो उघडून बघायचाय.